भिंतीवरची दहावी

सावळमाळ हे गाव किन्हीराजाहून शेताशेतानं चार किलोमीटर आत. तिथल्या जगदेव लहान्यांच्या घरी नऊ वर्षांपूर्वी सून आली ती शिरपूर जैनच्या गोविंदा अवचारांची राखी. बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. केलेली. लग्नघरात अडचण निघाली ती मात्र तिच्या नावाची. नवरदेवाचं नाव राजू, आणि राजूच्या थोरल्या बहिणीचं नाव राखी. बहिणीच्या नावानं बायकोला हाक कशी मारायची? जीभच उचलणार नाही. तेव्हा रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, आणि त्या थोरल्या राखीनंच, म्हणजे राखीताईनं, सोन्याच्या अंगठीनं त्यावर नवीन नाव काढलं : निकिता. पेढा वाटला, नाव घरात रुजलं. रेशनकार्डावर, आधारवर, मतदान कार्डावर तेच चढलं. वर्षभरात तर तिला माहेरी कुणी जुन्या नावानं हाक मारली तरी क्षणभर वाटायचं, मागून दुसरीच कुणी येत असेल.

जुनी राखी उरली ती पत्र्याच्या पेटीत, कागदांवर. निकिताला कधी कधी ती तिथं बसलेली दिसायची. दोन वेण्या, गुडघ्यावर वही, पेटीचं झाकण कधी उघडतं याची वाट पाहत.

नोकरीची भरती दरवर्षी येऊन राह्यली म्हणायचे आणि दरवर्षी पुढं जायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पात्रता परीक्षा ती पास झाली, तो कागदही पेटीत गेला. दिवस शेतात जात. सोयाबीन, मग तूर, मग हरभरा. पण तुरीच्या ओळीत वाकल्यावर तिचा वर्ग भरायचा. ओळींच्या मधल्या सरीत मुली मांडी घालून बसायच्या, निळे स्कर्ट, तेल लावलेले केस. ती हातानं शेंगा बघायची आणि मनात अपूर्णांक समजावून सांगायची. एक मुलगी नेहमी उशिरा यायची, तिला निकिता रागवायची नाही. दुपारी निंबाखाली डोळे मिटले की फळा आभाळाएवढा व्हायचा, आणि खडूचा चुरा हळूहळू हरभऱ्यावर पडत राहायचा. राजू भाकर घेऊन आला की म्हणायचा, "काय वं, कोनाशी बोलून राह्यली?"

"कोनाशी नाही. चौदाचा पाढा म्हनत होती."

"म्हन. ऐकू येते मले लांबूनबी."

राजू असा. शिकला बारावीच, पण बायकोच्या शिक्षणाची त्याला कधी अडचण झाली नाही. तिच्या नावाचा घोळ निस्तरायला त्यानंच तालुक्याला, मालेगावला, दहा खेपा घातल्या, राजपत्रात नावबदलाची नोंद छापून आणली. "आता सरकारबी म्हनते, राखी म्हंजे निकिता," असं तो सगळ्यांना सांगत फिरला.

गावातली शाळा आठवीपर्यंत. पण सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणारा शिक्षक तीन वर्षांपासून नव्हता. एकाची बदली झाली, दुसरा आलाच नाही. मुख्याध्यापक पवन सर भाषेचे, तेच गणिताच्या तासाला मुलांना सुविचार लिहायला लावत. यंदा वरून कळलं की विषय शिक्षक नसेल तर वरचे तीन वर्ग किन्हीराजाच्या शाळेला जोडावे लागतील. मुलगे सायकलीनं जातील. मुलींना शाळेत नेणारी निळी एसटी फाट्यापर्यंतच यायची, आणि फाटा तीन किलोमीटर. त्या तीन वर्गांत अकरा मुली होत्या. त्या घरी बसणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी, सात जानेवारीला, शाळा समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष संघपाल, ज्यांची मुलगी सातवीत होती, बैठकीहून थेट जगदेवांच्या ओट्यावर आले.

"काका, तुमची सून बी.एड. हाय नं? कायम शिक्षक येईस्तोवर मानधनावर गावातलाच पात्र मानूस घेता येते. आमी ठराव केला. पन शुक्रवारी मालेगावले सारे कागद दाखवा लागते. अस्सल. झेरॉक्स नाही चालत. शुक्रवार हुकला तं वर्ग गेले."

जगदेव हो म्हणाले, पण त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते निकिताच्या लक्षात आलं. का थांबला, ते मात्र बुधवारी सकाळी कळलं.

बाहेर धुई होती, अंगणातली तुळससुद्धा दिसत नव्हती. तिनं पेटी उघडली. बी.एड.चं, बी.एस्सी.चं, बारावीचं, पात्रता परीक्षेचं. एकेक कागद तिनं चादरीवर मांडला. दहावीचं प्रमाणपत्र नव्हतं. तिनं पेटी उपडी केली. तळाला घातलेलं जुनं वर्तमानपत्र निघालं, डांबराच्या दोन गोळ्या निघाल्या.

जगदेव दारात उभे होते. सत्तरीचा माणूस, सासूबाई गेल्यापासून आणखीच वाकलेला. सुनेच्या खोलीत ते कधी यायचे नाहीत, आत्ताही चौकटीला हात लावूनच बोलले.

"पोरी, तो कागद कामरगावले हाय."

"कामरगावले? ताईच्या घरी?"

"भिंतीवर."

मग त्यांनी सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी राखीताईचं लग्न जमवताना त्यांनी मुलीला दहावी पास सांगितलं होतं. ती नापास झाली होती. गावाला माहीत होतं, पण लेकीचं लग्न म्हणून सारं गाव गप्प राहिलं. पुढं कामरगावात शेजारणीनं राखीताईच्या सासूला, लिलाबाईंना, डिवचलं की तुमची सून दहावी पास, तर कागद दाखवा. लिलाबाईंनी व्याह्यांकडे कागद मागितला. जगदेवांना काही सुचेना. आणि घरात तर 'राखी' नावाचा एक कागद होताच.

"दाखोतो अन् वापस आनतो म्हनून तुह्या सासूच्या हातानं पेटीतून काढून नेला म्या. त्या बाईले वाचता येत नाही, शिक्का पाह्यला अन् खूश झाली. दुसऱ्या खेपेले गेलो तं काचेत! हार घातलेला! आता कसा मांगू?"

"आठ वर्षं, मामाजी?"

"तू कुठं पेटी उघडत होती," जगदेव म्हणाले, आणि त्यांनाच ते बोलणं लागलं. ते मान खाली घालून निघून गेले.

बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते, पण ती अमरावतीहून यायला महिना. शुक्रवार परवावर आलेला. राजू म्हणाला, मी जातो आणि काढून आणतो. निकिता म्हणाली, "तुमी भिंतीवरून कागद काढसान, पन ताईले त्या घरातच राहा लागते." गुरुवारी सकाळी ती एकटीच निघाली. निघताना जगदेव एवढंच म्हणाले, "माह्या लेकीची इज्जत सांभाळजो, बाई." राग यावा असंच ते वाक्य होतं. तिला आला नाही. हा माणूस तिच्या माहेराहून परतताना दर वेळी तिच्यासाठी पेन घेऊन यायचा, शेतात कामाला न येणारं पेन.

किन्हीराजाहून कारंजाची एसटी मिळाली. धुई काचेला येऊन टेकली होती. रस्ता, झाडं, ढाबे, सगळं पांढऱ्यात विरघळलेलं, आणि मधूनच एखादा बैल एकटाच हवेत उभा असल्यासारखा दिसायचा. निकिताला झोप नव्हती आणि जागही नव्हती. शेजारच्या सीटवर पेटीतली राखी येऊन बसली. वेण्या अजून तशाच. 'मला तिथं आवडतं का, ते तरी विचारलं का?' राखी म्हणाली. 'तिथं रोज उदबत्ती लावतात. हार घालतात. तुझ्याकडे काय, डांबराच्या गोळ्या.' निकिताला हसू आलं. कंडक्टरनं वळून पाहिलं. कारंजाला उतरून ती जीपमध्ये बसली तेव्हा ऊन पडलं, आणि शेजारची जागा एका म्हातारबुवाच्या मेथीच्या जुडीनं अडवली.

कामरगावात राखीताईचं घर बाजाराच्या गल्लीत. लिलाबाई बाजेवर बसून तीळ निवडत होत्या. "ये वं, ये! राजूची मास्तरीन! संक्रांतीच्या आंधीच आली? बस. पाह्य, तुह्या नणदेची दहावी."

समोरच्या भिंतीवर, गणपती आणि सासऱ्यांच्या फोटोच्या मधोमध, काचेत तिची दहावी होती. प्लास्टिकच्या फुलांचा हार दोन्ही बाजूंनी असा सोडला होता की आडनाव डावीकडच्या झेंडूखाली गेलं होतं आणि बापाचं नाव उजवीकडच्या. मधे 'राखी' एवढंच उघडं. हार कुणी घातला असेल, ते निकिताला लगेच कळलं. राखीताईचा नवरा, भाऊजी, भला माणूस होता, आणि त्याला वाचता येत होतं.

"साऱ्या गल्लीत एका सुनेचा कागद नाही असा," लिलाबाई म्हणाल्या. "मी चवथीच्या वर्गाचं तोंड नाही पाह्यलं. पन माह्या घरात हाय."

निकिता चहा पिऊन स्वयंपाकघरात गेली. राखीताई परातीत तिळाच्या वड्या थापत होती. चौतीस वर्षांची बाई, अंगानं भरलेली, हाताला झपाटा. निकितानं दार लोटून घेतलं आणि काय झालं ते आडवळण न घेता सांगितलं.

राखीताईचा हात थांबला नाही. सुरीनं तिनं पाकाचा पातळ थर उभा कापला, आडवा कापला. मग म्हणाली, "म्हंजे तुले मास्तरीन व्हायसाठी मी अजून एकडाव नापास व्हू?"

"मी मांगत नाही, ताई. मी सांगाले आली."

"सांगनं अन् मांगनं काय वेगळं असते गं? अकरा पोट्ट्या घरी बसतीन म्हनते. बसतीन तं बसतीन! मी नाही बसली?" आवाज वाढतोय असं दिसताच तिनं तो दाबला. "सात पोरी होतो आमी त्या वर्षी. सातही गणितात गेलो. गणिताले सरच नव्हते, दिवाळीपासून. पोट्टे ट्युशनले मालेगावले जात. आमाले कोन धाडते? परीक्षेत तीन घंटे एकच सवाल पाहत बसली मी. अजून पाठ हाय मले. एक्सचा वर्ग, अधिक सहा एक्स, वजा सोळा, बरोबर शून्य. सपनात येते. पोरगी पोटात होती तवाबी आलं होतं." ती थांबली. "काय असते ते? एवढं तं सांग. सतरा-अठरा वर्षं झाली, कोनाले इचारलं नाही."

निकितानं आजूबाजूला पाहिलं. कागद नव्हता. मग तिनं परातीतून वड्या उचलल्या.

"हा एक चौकोन समजा. याची बाजू किती ते आपल्याले माहीत नाही. म्हणून तिले एक्स म्हनलं. नाव नसलं की काहीतरी नाव ठेवा लागते नं."

"आमाले सांगतं?"

"आता सहा एक्स. सहा पट्ट्या, एकेक वडीएवढ्या रुंद, लांबीले चौकोनाच्या बाजूएवढ्या. तीन उजव्या अंगाले लावा. तीन खाल्लाकडं लावा."

राखीताईनं पट्ट्या लावल्या. पोलपाटावर वड्यांचं मोठं घर तयार झालं आणि त्याचा एक कोपरा रिकामा राहिला.

"हे सारं मिळून सोळा, असं सवालात सांगतलं हाय. आता तुमाले काय दिसते?"

बराच वेळ राखीताई त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. खिडकीतून ऊन आलं होतं, पाकावर ते चिकटल्यासारखं झालं होतं. बाहेर कुणाची तरी गिरणी एकसुरात चालू होती. निकिता काही बोलली नाही. वर्गात मुलीला विचार करू द्यावा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बी.एड.लाही नाही.

"कोपरा भरला पायजे," राखीताई हळूच म्हणाली. "तीन त्रिक नऊ. नऊ वड्या." तिनं त्या एकेक करून बसवल्या. "सोळा न् नऊ पंचवीस. पाचा पाचा पंचवीस! सारी बाजू पाच. त्यातल्या तीन आपन लावल्या. मंग..." ती थांबली, बोटं पुसली, परत मोजलं. "दोन. एक्स म्हंजे दोन?"

"दोन."

"एवढंच?"

"एवढंच."

राखीताईनं पदर तोंडाला लावला. निकिताला वाटलं ती हसतेय. पण तो राग होता. "एवढंच होतं? हे कोनी एक घंटा येऊन सांगतलं असतं तं?" पोलपाटावरच्या वड्या तिनं हातानं विस्कटल्या, मग परत जुळवल्या, अगदी सरळ रेषेत. आणि उठली.

निकिता मागोमाग गेली. राखीताईनं ओट्यावरचं स्टूल ओढलं, चढली, हार बाजूला केला आणि तसबीर खाली उतरवली. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिला.

"कावं? पुसतं का?" लिलाबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, हे माह्यं नाही. हिचं हाय. हिचं पह्यलं नाव राखी. मी दहावी नापास हाव."

लिलाबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. तीळ बाजेवर सांडले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग निकिताकडे, मग भिंतीकडे. शाळेतून आलेली बारा वर्षांची नात दारातच उभी राहिली, दप्तर न काढता.

"मंग मी आठ वर्षं उदबत्ती कोनाले दावली?"

निकिता चोरासारखी म्हणाली, "मले, मावशी."

"अन् तुह्या बापानं," लिलाबाई सुनेला म्हणाल्या, "माह्या तोंडावर खोटं सांगतलं. नापास सांगतलं असतं तं मी काय पोरगी वापस केली असती?"

"केली असती," राखीताई म्हणाली.

लिलाबाई सांडलेले तीळ वेचू लागल्या, एकेक करून. आपण इथून रिकाम्या हातानं परत जाणार आणि मागं एक घर मोडून जाणार, असं निकिताला वाटू लागलं. मालेगावचं ऑफिस, पवन सर, अकरा मुली, सगळं धुईत मागं मागं सरकत गेलं.

"नापास काहून झाली?" लिलाबाईंनी शेवटी विचारलं. "डोक्यानं तं हुशार हायस. मले तं हिशेबात पकडतं."

"सर नव्हते गणिताले."

"म्हंजे? शाळा होती अन् सर नव्हते?"

"हो."

लिलाबाईंनी नातीकडे मान वळवली. "तुह्या शाळेत हाय का गं गणिताले?"

"पीटीचे सर घेतात, आजी," नात म्हणाली. "ते म्हणतात उत्तर मागं दिलेलं असते."

लिलाबाई उठल्या. आतून उलथणं घेऊन आल्या आणि ते सुनेच्या हातात दिलं. "मागचे खिळे काढ. जपून. कागद फाटला तं ह्या बाईचं नुस्कान होईन." मग निकिताला म्हणाल्या, "कागद ने. काच माही हाय, काच नाही देनार." आणि राखीताईकडे न पाहता पुढं म्हणाल्या, "गल्लीत कोनी इचारलं तं मीच सांगीन. तू नको सांगू. तुले सांगता येत नाही, तू रडशीन."

त्या दिवशी लिलाबाई सुनेशी परत बोलल्या नाहीत. राखीताईनं नंतर फोनवर सांगितलं की दोन दिवस बोलल्या नाहीत.

शुक्रवारी मालेगावच्या ऑफिसात बाबूनं सगळे कागद एकावर एक ठेवून तपासले. राजपत्र पाहिलं, आधार पाहिलं. दहावीचं प्रमाणपत्र हातात घेतल्यावर त्यानं ते नाकाशी नेलं. "मॅडम, याला उदबत्तीचा वास येतो."

"देवाजवळ होतं," राजू मधेच म्हणाला.

बाबूनं शिक्का मारला. सोमवारपासून रुजू व्हा, आदेश शाळेत पोचेल, म्हणाला.

दोघं गावात परतली तरी जगदेव पारावरून उठून आले नाहीत. लेकीनं काय केलं ते त्यांना फोनवर कळलं होतं. संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटाकडे पाहत विचारलं, "राखी काय म्हने?"

"म्हने, बाबानं माह्यासाठी नवरा हुडकाच्या आंधी मास्तर हुडकाले पायजे होता."

जगदेव थोडा वेळ जेवले. मग म्हणाले, "बराबर हाय," आणि पाणी प्यायले.

रविवारी दुपारी निकिता अंगणात सातवीचं पुस्तक घेऊन बसली होती. उद्या पहिला तास. ऊन पाठीवर होतं, अक्षरं पोहत होती, अर्धी झोप अर्धी जाग. फोन वाजला. राखीताई होती, आवाज चढलेला, मागे तिची लेक काहीतरी ओरडून सांगत होती.

"निकिता, ही पोट्टी म्हनते वजा पाचाचा वर्गबी पंचवीसच येते. खरं हाय का?"

"खरं हाय, ताई."

"मंग दुसरं उत्तर वजा आठ निघते! म्या दोनदा केलं. आता हे वजा आठ मी कुठं ठेवू? वडीत तं बसत नाही!"

निकिता सरळ बसली. झोप उडाली होती. "थांबा," ती म्हणाली, "विचार करून सांगते," आणि मातीत बोटानं एक चौकोन काढला.